आमच्या आईनं शिवल्या खाल्ल्या

रोहा स्टेशनात दिव्याला जाणारी गाडी लागली होती आणि आमची आई डब्याच्या दारातून आत पिशव्या ढकलत होती. पातळ पोहे, पापड, मिरगुंडं, कडवे वाल, आणि सगळ्यांत वर वर्तमानपत्रात गुंडाळलेली नारळाची खोवणी. माझा नवरा बेन्नी तसा सोशिक माणूस. तोही शेवटी म्हणाला, "आई, विमानतळावर सगळं उघडून बघतात हो." आई म्हणाली, "बघू दे की. बघण्यासारखंच हाय." डब्यातले लोक हसले. मी सोडून. मला रडायचं होतं आणि ही बाई मला धड रडूही देईना.

गाडी हलली तशी ती फलाटावरून आमच्याबरोबर थोडी चालली आणि म्हणाली, "सुखानं ऱ्हा. पण मला तिकडं बोलवत बसू नको. मी काय येणार नाय." एवढंच. जपून जा नाही, फोन कर नाही. निडी गेलं, नागोठणं गेलं, माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरतंय. पेणला मामा स्टेशनात आला होता. म्हटलं, हा तरी दोन शब्द मायेचे बोलेल. त्यानं आणखी एक पिशवी दिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही कोकणातले यहुदी. नावं राहेल, बेन्यामिन, शालोम. पण बोलणं, भांडणं, अंगाई, शिव्या सगळं मराठीत. शनिवारी चूल पेटवायची नाही, दूध आणि मटण एका जेवणात आणायचं नाही, आणि मासा खायचा तो खवल्यांचाच. रोह्याच्या आमच्या आळीत एके काळी ओळीनं आमचीच घरं होती. मग एकेक घर इस्रायलला निघालं. आम्ही निघालो तेव्हा आमच्यातलं असं फारसं कुणी उरलं नव्हतं, आणि पुढे बाबा गेल्यावर तर आई एकटीच. समोर सुनंदावहिनी, त्यांची भाताची आणि वालाची शेती, आणि त्यांचा राबता दिवसभर आमच्या ओटीवर. आई म्हणायची, "मला एकटी कोण म्हणतो? सुनंदाला इचारा."

हे मी दोघांसाठी लिहितेय. रोह्यात राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे पिशव्या घेऊन निघालात त्यांच्यासाठीही. गाव सुटल्याचं रडगाणं वाचायला बसला असाल तर खुशाल उठा. आज मी फुशारकी मारणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आम्ही आलो अश्दोदला. समुद्रकाठचं, बंदराचं शहर. उंच इमारती, खाली दुकानं, लोक सदा घाईत. "याल्ला, याल्ला" म्हणजे चला, आटपा. सुरुवातीला मला एवढा एकच शब्द यायचा, कारण दुसरा कुणी माझ्याशी बोलायचाच नाही. बेन्नी बंदरातल्या कंपनीत लागला, शिफ्टची ड्यूटी. मला काम मिळालं ते घराखालच्या बेकरीत, आधी ट्रे धुवायचं, मग पीठ मळायचं, मग भट्टीवर. मालकीण फ्रान्समधल्या मार्सेयहून आलेली. पाठ ताठ, केस बांधलेले, आणि लिपस्टिक लावल्याशिवाय भट्टी पेटवणार नाही. सगळे तिला मादाम म्हणतात, मीही तेच म्हणते. तापट बाई, पण मनात काही ठेवणार नाही. आमचं जमलं.

मादामची बेकरी नावाजलेली ती मादलेनसाठी. मादलेन म्हणजे तळहातात मावेल एवढा स्पंज केक. अंडी, साखर, मैदा, भरपूर लोणी, लिंबाची किसलेली साल. त्याचा साचा शिंपल्याचा असतो, त्यामुळे एका अंगानं रेघारेघांचा शिंपला आणि दुसऱ्या अंगाला मधोमध फुगून आलेलं टेंगूळ. हे टेंगूळ आलं नाही तर मादाम तो ट्रे गिऱ्हाइकाच्या नजरेस पडू देत नाही.

आणि गिऱ्हाइकं तरी कशी! फ्रान्सहून, मोरोक्कोहून आलेले म्हातारे-म्हाताऱ्या. मादलेन चहात बुडवायचं, तोंडात टाकायचं, डोळे मिटायचे. संपलं! त्यानंतर माणूस दुकानात नाहीच. कुणी मार्सेयच्या जिन्यात बसलेला, कुणी आजीच्या पदराला धरून चाललेली. एका घासात अख्खं बालपण परत येतं म्हणायचे सगळे. मी काउंटरमागे उभी राहून त्यांच्याकडे बघायची आणि जळायची. खरंच सांगते, जळायची. मलाही पाहिजे होतं ते. मी गुपचूप कितीतरी मादलेन खाल्ली, डोळेसुद्धा मिटले. लोणी लागलं, लिंबू लागलं. रोहा काही आलं नाही.

आलं ते भलतंच. तो आकार बघितला की मला धरमतरची खाडी आठवायची. लहानपणी पेणला मामाकडे गेलो की आम्ही खाडीवर जायचो. ओहोटी लागली की बायका गुडघाभर चिखलात उतरून शिवल्या वेचायच्या. शिवल्या म्हणजे खाडीतले छोटे शिंपले, त्यांच्या आतलं मांस खातात. मामाच्या शेजारी त्यांचं कालवण व्हायचं, आणि नारळ-लसणीचा असा काही वास सुटायचा की माझ्या तोंडाला पाणी. पण शिवल्यांना ना खवले ना पर. आम्हाला बंद. मी शेजाऱ्यांच्या दारात रेंगाळले की आई दंडाला धरून ओढून आणायची. "काय हुंगतेस गो? आपल्याला चालत नाय." तर लोकांना खाल्लेलं आठवायचं आणि मला न खाल्लेलं. आमची तऱ्हाच वेगळी!

दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथचा म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीचा दिवा लावायच्या आधी, माझा आईला व्हिडिओ कॉल. ती फोन असा धरते की मला नेहमी तिचं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. "आई, ये ना माझ्याकडे." "कशाला?" "राहायला." "मंग आता मी काय करते? ऱ्हातेच हाय की." झालं बोलणं. मग सुनंदावहिनी मागून ओरडणार, "राहेल, काळजी नको करू, काकी बऱ्या हायत." काकी बऱ्या होत्या, मला माहीत होतं. मीच बरी नव्हते. तिचं वय झालं होतं आणि मला ती माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर हवी होती.

मग आमच्या याएलचं लग्न ठरलं. याएल म्हणजे माझी मुलगी, आणि नवरामुलगा कोण, तर मादामचा नातू दानी! बेकरीत एकमेकांना पीठ फासत मोठे झाले होते. तेव्हा आम्ही दोघी हसायचो. लग्न करतो म्हणाले तेव्हा गळ्यात पडून रडलो. मी रोह्याला फोन केला. आईनं आधी तारीख विचारून घेतली. मग म्हणाली, "नातीचं लगीन हाय, येईन. पण पाव्हणी म्हणून. लगीन झालं की परतीचं तिकीट माझ्या हातात पायजे."

मी हो हो म्हटलं. मनात मात्र पक्कं केलं होतं, एकदा आली की परत पाठवायची नाही. समुद्र दिसेल अशी खोली तिच्यासाठी काढली. सुती चादरी आणल्या. तिला हे घर आपलं वाटलं पाहिजे, बाकी माझं काही मागणं नव्हतं.

आली. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत मी तिला बेकरीत घेऊन गेले. काचेच्या कपाटात मादलेनचे ट्रे मांडलेले. आईनं वाकून बघितलं. पदर नाकाला लावला आणि भर दुकानात म्हणाली, "राहेल, तू शिवल्या विकतेस?"

"आई, केक आहे तो."

"शिवल्याच हायत. रेघा दिसतात ना मला, डोळे गेले नायत माझे. परक्या मुलखात येऊन हे धंदे? आणि वर दारावर आपल्या धरमात चालतं म्हणून पाटी!"

मी एक मादलेन मोडून दाखवलं. आतला पिवळा स्पंज बघून ती जरा थंडावली, पण हार मानील ती आई कसली. "केक हाय तर केकासारखा करा ना. शिवलीसारखा कशाला करता? उद्या डुकराच्या आकाराचा कराल आणि म्हणाल, केकच हाय." मादाम मला विचारत होती, काय म्हणतायत, काय म्हणतायत? मी म्हटलं, "आकार फार आवडला म्हणते."

त्या दिवसापासून तिनं मादलेनला हात लावला नाही. नुसतं मादलेनच नाही, इथलं कुठलंच गोड तोंडात घालीना. आणि एकच पालुपद, "तुमच्याकडं". तुमच्याकडं पाणी असं लागतं. तुमच्याकडं जिन्यात कुणी बोलत नाय. तुमच्याकडं दुपारी माणसं झोपत नायत का गो? मी हसून न्यायची, पण प्रत्येक "तुमच्याकडं" मला लागायचं. माझं घर तिच्या लेखी अजून परक्याचंच होतं.

आता लग्नाच्या जेवणाचं सांगते. जेवण मटणाचं, म्हणजे त्यावर दुधा-लोण्याचं गोड चालणार नाही. ना दुधाचं ना मटणाचं अशा पदार्थाला इथं परवे म्हणतात. मादामच्या घराण्यात लग्नाला मादलेन हवीतच, म्हणून लोण्याऐवजी मार्गरिन घालून परवे मादलेन करायची. अगं आई गं! टाळूला मेण चिकटल्यासारखं लागायचं. मादाम स्वतः ते कधी खायची नाही, नुसती वाटायची.

मी म्हटलं, अरे, याचं उत्तर तर आमच्या घरात कधीपासून आहे! मटणावर गोड म्हणून आमच्यात दूध येतच नाही, नारळाचा रस येतो. हलवा रसातला, सांदण रसातलं. आणि सांदण म्हणजे तरी काय? तांदळाच्या रव्याचा स्पंज केकच, भाजायच्या ऐवजी वाफवलेला. मग लोण्याच्या जागी नारळ घालून मादलेन का होऊ नयेत? मी मनाशी धरून बसले, याएलच्या लग्नात आपल्या नारळाची मादलेन मांडायची आणि आईनं ती खायची. तिनं इथलं गोड खाल्लं की तिला इथलं गोड लागेल, ती राहील. वेडेपणा म्हणा हवं तर.

पहिला घाणा केला दुकानातला डब्यातला नारळरस घालून. परवेची भट्टी वेगळी, साचेही वेगळे, सगळं जपून केलं. बाहेर काढलं तर टेंगूळ नाही, जाळी नाही, सपाट. आई मागच्या बाजूला मैद्याच्या पोत्यावर बसून बघत होती. म्हणाली, "हा केक हाय का घावन?" मग जरा थांबून, "रस कुठला घातलास?"

"डब्यातला."

"डब्यातला?" बाबा गेले तेव्हासुद्धा तिनं असा चेहरा केला नव्हता. उठली, घरी गेली, रोह्याहून तिनंच दिलेली खोवणी घेऊन आली. बेन्नीला इंडियन दुकानातून नारळ आणायला पिटाळलं. खवलं, वाटलं, पिळलं, पहिला जाड रस तेवढा वेगळा काढला आणि गॅसवर आटवायला ठेवला, वर तेल सुटेपर्यंत. सगळी बेकरी आमच्या आळीसारखी वासानं भरली. मादाम डोकावून म्हणाली, "तुझी आई सूप करतेय का?" मी आईला सांगितलं, "मादामला वास आवडला." आई म्हणाली, "आवडणारच. तिच्या भट्टीत नुसता जाळ हाय, वास कुठाय?" मी मादामला सांगितलं, "भट्टी छान तापलीय म्हणते."

पुढचे दिवस माझं हेच काम. मधे उभी राहून इकडचं मराठी तिकडे हिब्रूत आणि तिकडचं हिब्रू इकडे मराठीत, वाटेत निम्मं गाळून. दोघींनाही खात्री, समोरचीला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही. मादामचं म्हणणं, भिजवलेलं पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं आणि थंडगार असतानाच कडक भट्टीत टाकायचं, म्हणजे टेंगूळ येतं. आईचं म्हणणं, थोडं तांदळाचं पीठ घातल्याशिवाय जाळी पडणार नाही. मी दोघींचंही ऐकलं. न ऐकून सांगते कुणाला?

तर तो ट्रे आत गेला. आई भट्टीच्या काचेसमोर उभी, मादाम तिच्या मागे, मी दोघींच्या मागे. आणि बघते तर काय, एकेका शिंपल्याच्या पाठीवर टेंगूळ वर येतंय! नारळाचं मादलेन फुगत होतं! फ्रेंचमध्ये या टेंगळाला "बॉस" म्हणतात. मादामला आनंद आवरेना. आईच्या खांद्यावर थापा मारत ती ओरडली, "बॉस! बॉस! बॉस!"

आईनं गर्रकन मागे बघितलं. चेहरा लालबुंद. पिशवी उचलली आणि बाहेर पडली. मला वाटलं, भट्टीच्या धगीनं त्रास झाला असेल. संध्याकाळी घरी आले तर बॅग भरून पलंगावर ठेवलेली. "माझं तिकीट अलीकडचं करून आण. लगीन तुमचं तुमी करा." लग्न तोंडावर आलेलं! काय झालं विचारलं तर बोलेना. याएलनं विचारलं, बोलेना. बेन्नीनं तर विचारायचं धाडसच केलं नाही. कायमची ठेवून घ्यायला निघाले होते, आता ती लग्नालाही थांबेना.

शेवटी एकदाचं फुटलं. "मी काय तिच्या दारात भीक मागायला आले? मी नवरीची आजी. वरपक्षाची झाली म्हणून काय झालं? मला उभ्याउभ्या म्हणते, बस! वर खांद्यावर मारून! एकदा नाय, तीनदा. बस, बस, बस! कुत्र्याला म्हणतात तसं. 'बसा' म्हणायला काय जीभ झडते?"

मला कळायला क्षणभर लागला. आणि मग मी हसले. पलंगावर पडून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. आई आणखीच भडकली. "हस. तुझीच माणसं." मी समजावलं, अगं तिनं तुला बस म्हटलं नाही, केकाच्या टेंगळाला फ्रेंचमध्ये तसं म्हणतात. आई म्हणाली, "टेंगळाला बस म्हणतात? मंग बसायला काय म्हणतात, टेंगूळ?" नाहीच पटलं तिला. बॅग तशीच भरलेली.

मी खाली पळाले आणि मादामला सगळं सांगितलं. मादामची लिपस्टिकसुद्धा फिकी पडली. म्हणाली, "मग मानानं कसं म्हणायचं?"

"बसा."

"म्हणजे शेवटी एक आ जास्त?"

"एक आ जास्त."

"एका आ-साठी ती लग्नाला येणार नाही?"

"मादाम, आमच्यात एका आ-साठी लोक जन्मभर बोलत नाहीत."

तिनं मान हलवली. तिच्यातही असलंच काहीतरी असावं, कारण ती हसली नाही. ट्रेमध्ये ताजी नारळाची मादलेन मांडली, वर पांढरा रुमाल टाकला आणि गुडघे दुखत असताना चार जिने चढून आमच्या दारात उभी राहिली. आई गॅलरीत होती. पाहुणी आली म्हणून उठली, पण तोंड घट्ट मिटलेलं. मादामनं ट्रे टेबलावर ठेवला, स्वतःच्या हातानं खुर्ची ओढली, पदर नाही म्हणून स्कार्फ सारखा केला, आणि आईकडे बघून म्हणाली, "बसाऽऽऽ."

एवढा लांब आ मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. कोपऱ्यात याएल तोंडावर हात दाबून उभी. मग आई सावकाश बसली, शेजारची खुर्ची थोपटून म्हणाली, "तुमीपण बसा." हे काही मी भाषांतर करून सांगितलं नाही. मादाम बसली.

आईनं रुमाल काढला. एक मादलेन उचललं, शिवलीची बाजू खाली आणि टेंगूळ वर असं तळहातावर ठेवलं, खाण्याआधीचे आशीर्वादाचे शब्द म्हटले आणि खाल्लं. मादाम परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी तिच्या तोंडाकडे बघत होती. आईनं सावकाश चावलं, गिळलं. दुसरं उचललं. तेही खाल्लं. मग मला म्हणाली, "वेलची पायजे होती जराशी. आणि हे बघ, लग्नात माणशी दोनच वाढायचे, नायतर पुरणार नायत. वाढायला मी उभी ऱ्हाते, तुमची माणसं लाजेकाजेनं वाढतात." काय म्हणाली, काय म्हणाली, मादाम विचारत होती. मी म्हटलं, "आवडलं म्हणते." बॅग त्याच दिवशी रिकामी झाली.

लग्न असं झालं की विचारू नका. आदल्या दिवशी मेंदी, याएलचे हात कोपरापर्यंत रंगलेले, मोरोक्कोवाल्या बायका आणि आमच्या बायका एकमेकींची गाणी न कळता टाळ्या वाजवतायत. आणि जेवणानंतर गोडाच्या टेबलामागे आमची आई, हिरवी नऊवारी, हातात चिमटा. शेजारी मादाम. कुणी तिसरं मादलेन मागितलं की आई चिमटा दाखवायची. तरी ट्रेच्या ट्रे रिकामे! मार्सेयचा एक म्हातारा, आमचं रोजचं गिऱ्हाईक, त्यानं चहात बुडवून खाल्लं, सवयीनं डोळे मिटले, आणि गोंधळून उघडले. मला म्हणाला, "हे माझ्या लहानपणाचं नाही. पण कुणाच्या तरी लहानपणाचं आहे."

"माझ्या!" मी ओरडलेच. अख्ख्या हॉलनं वळून बघितलं. बघू दे की.

मग मीही एक घेतलं, आईच्या चिमट्याखालून. तेल सुटलेला नारळ, वेलची, तांदळाची जरा करकर. डोळे मिटायची गरजच पडली नाही. आई समोर उभी होती.

मला वाटलं, जिंकले. आता ही कुठे जात नाही. आणि लग्नाचा मांडव उतरतोय तोच आई म्हणाली, "माझं तिकीट?" मी रडले, भांडले, समुद्र दिसणारी खोली पुन्हा दाखवली. ती म्हणाली, "वालाचे दिवस आले. सुनंदा एकटी किती करील?" विमानतळावर मादामनं तिला एक नवा साचा दिला, आणि दोघी माझ्याशिवाय किती वेळ काय बोलल्या देव जाणे, कारण दोघींना एकमेकींचा एकच शब्द येत होता. मी परत येताना गाडीत मागच्या सीटवर एकटीच बसले होते आणि मला वाटत होतं, हरले. बेन्नी म्हणाला, "निदान तिनं खाल्लं ना?" त्या वेळी मला तेवढं पुरलं नाही.

पुढल्या आठवड्यात सुनंदावहिनींचा फोन. हसता हसता त्यांना बोलता येईना. "अगो राहेल, काकी घरात शिवल्या करतात! सगळ्या आळीला वाटल्या!" आईनं म्हणे आपला जुना गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन माळ्यावरून काढला आणि नारळाची मादलेन भाजली. आता रोह्यात कुणाला मादलेन माहीत? आकार बघून सगळ्यांनी एकच नाव ठेवलं. जन्मभर शिवलीच्या वासापासून लांब पळणाऱ्या आमच्या आईच्या दारात पोरं येऊन ओरडतात, "आजी, शिवली द्या!" आणि ही देते! माणशी दोन!

पण खरी गोष्ट वहिनींनी नंतर सांगितली, जरा आवाज खाली करून. "राहेल, काकींचं काय तरी बदललंय गो. दुपारी च्यात ती शिवली बुडवून खातात आणि डोळे मिटून बसतात. मी हाक मारली तर म्हणतात, थांब गो, समुद्र बघते. काल पाववाला उशिरा आला तर त्याला म्हणाल्या, आमच्याकडं सकाळी सातला गरम मिळतो. मी म्हटलं, काकी, आमच्याकडं म्हणजे कुठं? पाव तर हाच येतो की. तर माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जशी मीच येडी."

मी फोन कानाला धरून जिन्यात बसले. बघा म्हणजे. रोह्यात, स्वतःच्या ओटीवर बसून, एका फ्रेंच केकचा घास घेऊन आमच्या आईला अश्दोद आठवतं! इतकी वर्षं मी वाट बघत होते की एक घास मला मागे घेऊन जाईल. तो घास आईला माझ्याकडे घेऊन आला.

आपण निघालेली माणसं एक गोष्ट फार घोळवतो. अर्धे इथे, अर्धे तिथे, धड कुठलेच नाही. मीही घोळवली. सणाला घोळवली, आजारपणात घोळवली, चारचौघांत सांगून सहानुभूतीही मिळवली. आणि जी बाई रोहा सोडायला तयार नव्हती तिनं म्हातारपणी एका लग्नाला येऊन दोन अख्खी घरं करून दाखवली. एकातलं काही कमी न करता. घर सोडावंही लागलं नाही आणि अर्धं करावंही लागलं नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी संध्याकाळी बऱ्या गेल्या असत्या. म्हणून आज तुम्हाला सांगतेय, राहिलेल्यांना आणि निघालेल्यांनाही.

परवा शुक्रवारी कॉल लावला. नेहमीप्रमाणे कपाळ आणि पंखा. दुकानात गर्दी होती, माझे हात पिठाचे, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. तिनं आधी मादामच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग याएलची, मग समुद्राची, आणि सगळ्यांत शेवटी माझी. मी म्हटलं, "आई, घरी कधी येतेस?"

पंखा फिरताना दिसत होता, म्हणजे रेंज गेलेली नव्हती. आई विचार करत होती.

"कुठल्या गो?" तिनं विचारलं.